धारावीचा दगड कोणी फोडला?

भाईंदरहून बस पकडून चौक गावात उतरलात की धारावी किल्ल्याचे थोडे अवशेष दिसतात. (मुंबईतली धारावी नव्हे, ही आपली उत्तन-डोंगरीकडची.) एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हा किल्ला घेतला होता. पन्नास पानं झाली, तारखा पाठ झाल्या आणि मार्गदर्शकांनी विचारलं, "सैद्धांतिक चौकट कुठाय?" मी पहिल्या प्रकरणात फूकोचं नाव घातलं. त्यांनी ते खोडलं. बरोबरच केलं.

पुरावा जमला की इतिहास आपोआप होतो, असं मला वाटायचं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. तो आग्रह नसता तर आज आपल्या हाती फार थोडं असतं. पण कागद कोणाचे? वसई मोहिमेची (१७३७-३९) पत्रं चिमाजी अप्पांच्या छावणीतली. मोर्चे, दारूगोळा, रसद. ती वाचून एकच प्रश्न सुचतो: किल्ला कोणी जिंकला? उत्तनच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी बसून "आपण जिंकला" म्हणताना मात्र माझी जीभ अडखळली.

मग दामोदर धर्मानंद कोसंबी वाचले. माणूस मुळात गणितज्ञ. १९५६ च्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांनी राजांच्या याद्या बाजूला सारल्या आणि विचारलं: लोक पोट कसं भरत होते, हत्यारं कुठली, वरकड उत्पन्न कोणाच्या घरात जात होतं? पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून दगडी हत्यारं आणि गावदेवींची ठाणी त्यांनी पुराव्यात आणली. चौकट म्हणतात ती एवढीच: काय विचारायचं आणि त्यासाठी कुठे बघायचं, हे आधी ठरवणं. गंमत म्हणजे चौकट मार्क्सची घेऊनही, भारताला इतिहासच नाही हे मार्क्सचं म्हणणं त्यांनी साफ नाकारलं. पुरावा आडवा आला तर चौकटीशी भांडायचं असतं, हे मला कुठल्याच वर्गात कळलं नव्हतं.

पोर्तुगीज काळात या बेटावरचा दगड वसईच्या बांधकामांसाठी जात असे. तो फोडणारे हात कोणाचे? मजुरी मिळे की वेठ होती? १७३९ नंतर इथल्या कोळी, आगरी, ख्रिस्ती घरांचा सारा वाढला की घटला? याला छावणीची पत्रं पुरत नाहीत. जमाबंदीचे हिशेब लागतात आणि पोर्तुगीज कागदही.

दुसऱ्या प्रकरणाचं नाव बदललंय. मोडीचा सराव आहे, पोर्तुगीजचा क्लास या महिन्यात लावला. क्रियापदांपाशीच अडकलोय.