खांदेरीचा पहारा

किनाऱ्यावर गस्त घालणारें जहाज कसें असावें, असा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस खांदेरीचें बेट आठवतें. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर तें उभें आहे. इ. स. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनीं तेथें तटबंदी आरंभिली, आणि मुंबईकर इंग्रजांच्या पोटांत गोळा उठला. बंदरांत येणारें-जाणारें प्रत्येक गलबत त्या बेटावरून दिसत होतें!

इंग्रजांनीं पहाऱ्यावर भिस्त ठेविली. बेट व किनारा यांमधील पाणी अडवावें, रसद तोडावी, म्हणजे बांधकाम आपोआप थांबेल, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. परंतु त्यांचीं मोठीं जहाजें वाऱ्याचीं बंदी. वारा पडला कीं जागच्या जागीं खिळून राहत, आणि तळ खोल असल्यामुळें उथळ पाण्यांत शिरण्यास धजत नसत. मराठ्यांचीं लहान गलबतें वल्ह्यांवर चालत. अंधार पडला कीं तीं किनाऱ्याच्या आश्रयानें निघत आणि पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून बेटास लागत. इंग्रजांनीं भाड्यानें शिबाडेंही आणिलीं. पण माल वाहण्यासाठीं बांधलेल्या गलबतानें चपळ गलबताचा पाठलाग करावा, ही अपेक्षाच मुळांत चमत्कारिक! सप्टेंबरांत बेटावर उतरण्याच्या प्रयत्नांत थॉर्प नांवाचा त्यांचा अधिकारी मारला गेला.

१८ ऑक्टोबर रोजीं मराठी आरमार उघड चालून आलें. 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हातीं लागली; इतर लहान नौकांनीं पळ काढिला. 'रिव्हेंज' जहाज मात्र जवळजवळ एकटें झुंजत राहिलें, आणि मिंचिन व केगविन या कप्तानांनीं तोफांच्या माऱ्यानें मराठी गलबतें परतविलीं. त्या दिवसाचें यश त्यांचें होतें; स्वजनांच्या अभिमानापायीं आम्ही तें झांकूं इच्छीत नाहीं. पण उपयोग काय झाला? लढाई दिवसा झाली आणि रसद रात्रीं जात राहिली. उघड्या समुद्रांत शत्रूस हटविणें निराळें आणि खाडीच्या तोंडाशीं रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसणें निराळें, हा भेद मुंबईच्या दप्तरांतून कोणास उमगला असेल तर तो कृतींत उतरला नाहीं.

१६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं जहाजें माघारीं बोलाविलीं. सिद्दीनें मात्र नुसत्या गस्तीच्या भरंवशावर न राहतां शेजारच्या उंदेरी बेटावरच ठाणें दिलें आणि तेथून खांदेरीवर तोफा रोखल्या.