बसलेल्या हाताचं मोजमाप

२१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथर देऊन एका रुग्णाचा पाय मांडीतून कापला. जेमतेम अर्ध्या मिनिटात. भूल नव्हती तेव्हा सर्जनची घाई हीच रुग्णावरची दया होती. आता घाईचं कारणच संपलं, पण घड्याळाचा दरारा काही लगेच ओसरला नाही.

वेळेपलीकडे, थेट हालचालींकडे पाहणारा माणूस आला तो गवंडीकामातून. अमेरिकेच्या फ्रँक गिलब्रेथने एकेक वीट रचण्यातल्या अठरा हालचाली पाचेकवर आणल्या होत्या. कामगारांच्या बोटांना इवले दिवे बांधून तो अंधारात फोटो घेई. काचेवर हाताची वाट उजेडाच्या रेघेसारखी उमटे. १९१०च्या दशकात त्याने सर्जनचंही चित्रीकरण केलं. हत्यार शोधण्यातच त्यांचा किती वेळ जातो, हे त्यातून दिसलं. सर्जनने नुसता हात पुढे करायचा आणि नर्सने नेमकं हत्यार तळव्यावर ठेवायचं, या रिवाजाचं श्रेय त्यालाच देतात.

पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी १९९० मध्ये भारतात पहिल्यांदा अशा रीतीने पित्ताशय काढलं. पोटावरच्या छिद्रात हत्यार तरफेसारखं फिरतं. मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं. खुल्या शस्त्रक्रियेत मुरलेले हातही इथे चाचपडले. आता ‘अमक्याचा हात चांगला बसलाय’ एवढ्या वरिष्ठांच्या शेऱ्यावर भागेना.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये आरा दार्झी यांच्या चमूने सर्जनच्या हातांच्या मागे सेन्सर लावले आणि चुंबकीय क्षेत्रात हाताचा मार्ग टिपला. तोच टाका, तीच गाठ. पण अनुभवी सर्जनच्या हालचाली कमी भरत, मार्गही आखूड. नवख्याची सुई जाते, थबकते, पुढे निसटते, परत येते. ही धसमुसळ पकडायला गणितही तयार होतं: त्वरण किती झपाट्याने बदलतं ते मोजायचं. फ्लॅश आणि होगन यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं, की माणसाचा हात सहज हलतो तेव्हा हा धक्का कमीत कमी ठेवतो.

या आकड्यांवर भाळून जाण्यात मात्र धोका आहे. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापणारा हातही अगदी सुरेख, न अडखळता चालू शकतो. सेन्सरला ती चूक दिसत नाही.

माणसाच्या नजरेला बरंच दिसतं. मिशिगनमध्ये वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस सर्जननी आपापला एक व्हिडिओ दिला. नावं झाकून इतर सर्जननी गुण दिले. २०१३ मध्ये निकाल छापून आले: तळाच्या चतुर्थांशातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्यांच्या रुग्णांत ५.२. तळाच्यांना वेळही जास्त लागत होता, सरासरी १३७ मिनिटं, वरच्यांना ९८.