स्थानकासमोरच्या बागेत नोरा

२० ऑक्टोबर १९०४ रोजी त्रिएस्तेच्या रेल्वे स्थानकावर एक आयरिश जोडपे उतरले. तो बावीस वर्षांचा, ती वीस वर्षांची. लग्न झालेले नव्हते आणि जवळ पैसे जेमतेम होते. तो म्हणजे पुढे ‘युलिसिस’ लिहिणारा जेम्स जॉयस आणि ती नोरा बार्नेकल. नोराला स्थानकाजवळच्या बागेत बसवून जॉयस राहण्याची सोय पाहायला गेला. शहरातल्या मोठ्या चौकात काही दारू प्यालेल्या इंग्रज खलाशांची पोलिसांशी हुज्जत चालली होती. जॉयस मध्ये पडला आणि त्यांच्याबरोबर तोही कोठडीत गेला. ब्रिटिश कॉन्सलने नाखुशीनेच रदबदली केल्यावर तो सुटला. तोपर्यंत नोरा बागेतच होती.

रिचर्ड एलमन यांचे जॉयसचरित्र १९५९ साली आले. तेव्हापासून जॉयसचे चाहते हा प्रसंग एक गमतीदार किस्सा म्हणून सांगत आले आहेत. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयात बसून जे वाचले तेवढीच माझी शिदोरी. पण चरित्र वाचताना मला एक सवय लागली आहे. दोन माणसे एकत्र प्रवास करत असतील, तर वहीत दोन रकाने आखायचे आणि एकाच दिवशी कोण कुठे होते ते समोरासमोर लिहायचे. २० ऑक्टोबरच्या पानावर जॉयसचा रकाना भरभर भरला: स्थानक, चौक, खलाशी, पोलीस, कॉन्सल. नोराच्या रकान्यात एकच शब्द आला: बाग.

रकाना रिकामा राहिला म्हणून दिवस रिकामा होता, असे मात्र नाही. आदल्या काही दिवसांची पाने उलटली की त्या बागेचा अर्थ कळू लागतो.

नोरा गॉलवेची. घरी मामाने मारहाण केल्यावर ती डब्लिनला निघून आली आणि फिन्स हॉटेलात खोल्यांची झाडलोट करू लागली. १६ जून १९०४ रोजी ती जॉयसबरोबर पहिल्यांदा फिरायला गेली. चार महिनेही झाले नव्हते, तोच ८ ऑक्टोबरला तिने त्याच्याबरोबर देश सोडला. त्याच्या वडिलांना कळू नये म्हणून दोघे बोटीवर वेगवेगळे चढले. लंडनमध्ये तो एका लेखकाला भेटायला गेला, तेव्हा ती दोन तास एका बागेतच बसून होती. हा आता परत येत नाही, असे तिला त्या वेळी वाटून गेले होते. पुढे पॅरिसमध्ये उसने पैसे घेऊन दोघे झुरिकला पोहोचली. तिथल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी ठरली आहे अशी त्याची समजूत होती, पण जागा नव्हतीच. त्रिएस्तेला जागा असेल या आशेवर दोघे पुन्हा गाडीत बसली, ती चुकून ल्युब्लियानालाच उतरली आणि ती रात्र उघड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी त्रिएस्ते आले. डब्लिन सोडून बारा दिवस झाले होते.

त्रिएस्ते तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे मोठे बंदर होते. रस्त्यावर इटालियन, स्लोव्हेन आणि जर्मन ऐकू येई. जॉयस आधुनिक भाषांचा पदवीधर होता, त्याला इटालियन येत होते. नोराला यातली एकही भाषा येत नव्हती. त्यामुळे त्या दिवशी दोघे एकाच शहरात उतरली असे म्हणणे मला जड जाते. तो पोलिसाशी वाद घालू शकत होता, ती कुणाला रस्ताही विचारू शकत नव्हती. त्याला सोडवायला कॉन्सल होता. तो परत आला नसता, तर बायको म्हणून कॉन्सलच्या दारात उभे राहण्यासाठी नोराजवळ लग्नाचा कागद नव्हता. मागे जायला घर होते, पण ते मामाचा मार खाऊन सोडलेले.

जो सरकारी माणसांच्या तावडीत सापडतो, त्याचा मागमूस राहतो. बाकावर बसून राहिलेल्याची नोंद कुणी करत नाही. पुरुषांच्या प्रवासांचा इतिहास आपल्याला जास्त ठाऊक आहे, याचे एक साधे कारण हेही आहे. ब्रेंडा मॅडॉक्स यांनी १९८८ साली नोराचे स्वतंत्र चरित्र प्रसिद्ध केले आणि थोर लेखकाची अडाणी बायको हे तिचे चित्र बदलू लागले.

त्रिएस्तेतही शाळेत जागा नव्हती. आल्मिदानो आर्तिफोनी या शाळाप्रमुखाने जॉयसला पोला या गावी लावून दिले. जॉयसने लग्न झाले नसल्याचे सांगितले, तेव्हा कागदोपत्री नवरा-बायको असेच लिहा, असा व्यवहारी सल्लाही त्याने दिला. म्हणजे नोराच्या संसाराला पहिला कागदी आधार मिळाला तो असा. मार्च १९०५ मध्ये दोघे त्रिएस्तेला परतली. जुलैमध्ये जॉर्जिओ आणि दोन वर्षांनी लुचिया जन्मली. खरे लग्न लागले ४ जुलै १९३१ रोजी, लंडनमध्ये.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यानंतरची नोंद. पहिल्या दिवशी जिथला एक शब्दही नोराला कळत नव्हता, त्या त्रिएस्तेची बोली पुढे जॉयस कुटुंबाच्या घरात बोलली जाऊ लागली. पॅरिसला बिऱ्हाड हलवल्यावरही ती सुटली नाही. भाषा अशी घरात रुजते, ती बाजारहाट करता करता, शेजारणींशी बोलता बोलता आणि मुले वाढवता वाढवता. ‘युलिसिस’च्या शेवटच्या प्रकरणाला जॉयसने ओडिसियसची वाट पाहणाऱ्या पेनेलोपीचे नाव योजले होते आणि ते सगळे प्रकरण एका बायकोच्या मनातले आहे, हेही इथे आठवते.

त्रिएस्तेच्या कालव्यावरील पुलावर २००४ साली जॉयसचा पुतळा बसवला. टोपी घातलेला जॉयस तिथे एकटाच चाललेला दिसतो. त्या शहरातल्या त्याच्या पहिल्या दिवसाबद्दल कुणी मला विचारले, तर मी आधी बागेबद्दल सांगेन. चौक, खलाशी आणि कोठडी त्यानंतर.