जाखडीची झाली झाकरी

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर आजही ताशा वाजतो. तिथे होळीला ‘फगवा’ म्हणतात आणि मोहरमचे ताबूत ‘होसे’ या नावाने निघतात. हे सारे मुख्यतः भोजपुरी मुलखातून आणि अवधातून गेले. गिरमिटियांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी तिथे पोहोचले ते कलकत्त्याहून. पुढे १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसे कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून त्या बेटावर उतरली. मुंबई त्या वाटेवर नव्हती, म्हणून कोकणातली एकही कला तिथे रुजली नाही.

मुंबईहून गिरमिटिये गेले ते मॉरिशसला. तिथे १८३४पासून उसाच्या मळ्यांत गुलामांच्या जागी हिंदुस्थानी मजूर येऊ लागले. त्यांची एकूण संख्या साडेचार लाखांच्या आसपास भरते. त्यांत मराठी थोडे. पण जे होते त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले, पुष्कळ. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे एखाद्या मजुराच्या नावापुढे नुसते ‘रत्नागिरी’ असेल, तर तो दाभोळचा की मालवणचा, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही.

अशा ठिकाणी कलेकडे पुरावा म्हणून पाहावे लागते. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत गणेशचतुर्थीला ‘झाकरी’ नाचतात. ही आपली जाखडीच: मधे गाणारे-वाजवणारे, भोवती फेर, पायांत चाळ, आरंभी गणाची गाणी. आता जाखडी ही मुळात चिपळूण, गुहागर, संगमेश्वर या बाजूची. मालवणकडे गणपतीत जोर असतो तो भजनाचा आणि फुगडीचा, आणि पुढे जत्रांतून दशावताराचा. त्या बेटावर ठसा उमटला तो जाखडीचा.

यावरून मालवणची माणसे गेलीच नाहीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दशावताराला देवळाची जत्रा लागते, नटसंच लागतो, पेटाऱ्यातला साज लागतो, रात्रभर बसणारा गाव लागतो. पाच वर्षांच्या करारावर निघालेल्या मजुराजवळ यातले काय असणार? जाखडीला एक मृदंग आणि नाचणारे पाय पुरतात. मळ्यावर दिवसभर राबलेल्या माणसांना तोच फेर धरता आला. मालवणी माणूसही त्यात उभा राहिला असेल आणि दोन पिढ्यांत त्याची वेगळी ओळख पुसली गेली असेल. हे अनुमान आहे, पण तपासता येण्यासारखे आहे. गिरमिटियांची जुनी दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. त्यांतली गावांची नावे आपल्या किनाऱ्यावरच्या गावांशी ताडून पाहणे हे आपल्याकडच्या अभ्यासकांचे काम आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मॉरिशसच्या मराठी घरांत आज बोलतात ती प्रामुख्याने क्रिओल. मराठी ही शाळेत शिकायची, पूर्वजांची भाषा. तरीही झाकरीची गाणी मराठीत म्हटली जातात. शब्दांचा अर्थ विरळ झाला तरी ताल टिकतो. तो टिकला त्याला मोठे कारण गणपती. हेन्रिएटा गावात १८९६ साली हा उत्सव सुरू झाला असे तिथे मानतात. आज चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

इकडेही चित्र फार निराळे नाही. कोकणातली कितीतरी घरे वर्षभर कुलूपबंद असतात आणि चाकरमानी येतात तेव्हा चतुर्थीला उघडतात. तेवढ्या दिवसांत भजन, फुगडी, जाखडी जी काय व्हायची ती होते. तिकडे भाषा गेली आणि नाच राहिला. इकडे भाषा आहे, पण नाचायला माणसे कमी. दोन्हीकडची गाणी माहीत असलेली जुनी माणसे अजून हयात आहेत, तोवर ती गाणी शेजारी-शेजारी उतरवून घेतली पाहिजेत. दप्तर मोक्याला सुरक्षित आहे. गाणी मात्र अजून माणसांच्याच स्वाधीन आहेत.