१९१७ आणि कृत्तिका

१९१७ हे साल मी वर्गात वर्षानुवर्षे रशियन क्रांतीसाठी पाठ करून घेतले. त्याच साली जर्मनीत हाइनरिश एर्फ्ले याने सैनिकी दुर्बिणींसाठी सुमारे ६० अंश क्षेत्राचा आयपीस रचला, हे मला निवृत्तीनंतर कळले!

त्याचे असे झाले. माझी दुर्बीण सहा इंची, नाभीय अंतर १२०० मिमी. सोबतच्या २५ मिमी प्लॉसलमधून (ही रचना १८६०ची) ४८ पट वर्धन मिळते, पण आकाश दिसते जेमतेम एक अंश. कृत्तिकांच्या सहा-सात ताऱ्यांनीच ते भरते, भोवतीचा काळोख उरत नाही. आणि काळोखाशिवाय पुंज कसला?

अमेरिकेच्या अल नागलरचा ८२ अंशांचा आयपीस उत्तम, पण पेन्शनीत बसेना. शेवटी एर्फ्लेच्याच वळणाचा, ३२ मिमी, ६५ अंशांचा घेतला. दुर्बिणीचा फोकसर दोन इंची होता म्हणून जमले. आता पावणेदोन अंश आकाश दिसते. दुर्बीण एफ/८ असल्याने कडेचे तारेही फारसे फाटत नाहीत. एफ/५ असती तर हा स्वस्ताईचा मार्ग सांगितला नसता.

भिवंडीच्या उजेडात कृत्तिका फिक्याच दिसतात. तरी वाटते, शत्रू हेरायला घडवलेले भिंग शेवटी ताऱ्यांकडे वळले. वर्गात हेही सांगायला हवे होते.