हाताचे वळण

बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत आम्ही पहिलीत असता गुरुजींची छडी बहुधा वेड्यावाकड्या अक्षरांसाठीच उठे. मजशेजारचा सोबती उजव्या हाताने पाटीवर 'क' गिरवू लागला म्हणजे त्याच्या डाव्या हाताची बोटेही आपोआप हलत. हा चाळा समजून गुरुजी त्यास डावा हात मांडीखाली दाबून ठेवावयास लावीत. चौथीपूर्वीच त्याने शाळा सोडली; कारण एवढेच होते असे मी म्हणत नाही. पण तो चाळा नव्हता, हे मला पन्नाशीत उमगले.

मेंदूच्या कोणत्या भागाच्या हुकुमाने हातपाय हालतात, हे 1870 पर्यंत अनिर्णीतच होते. त्या वर्षी बर्लिन येथील फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्प्रवाह लाविला, तो विरुद्ध बाजूचे पाय हालले. पुढे लाइप्झिगच्या फ्लेक्सिगने दाखविले की, मज्जातंतूंवरील स्निग्ध वेष्टन सर्वत्र एकदम न चढता ठराविक क्रमाने चढते. 1896 मध्ये पॅरिसच्या बाबिन्स्कीने तळव्याची परीक्षा वर्णिली. तळवा ओरखडला असता पायाचा अंगठा वर वळणे हे प्रौढात मज्जाविकाराचे लक्षण. तान्ह्या बाळात मात्र ते स्वाभाविकच, कारण मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरणारा मार्ग तेव्हा अपुरा असतो. एका वयातील आरोग्य दुसऱ्या वयात रोग ठरावे, हे किती विलक्षण!

1985 मध्ये शेफील्ड येथे बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनी चुंबकाच्या साह्याने, कवटी न उघडता व वेदना न देता, मेंदूचा हा भाग चेतविला. त्यामुळे जागत्या मुलांचीही परीक्षा शक्य झाली. एका हाताची हालचाल दुसऱ्यात उमटणे बहुतेक मुलांत दहाव्या वर्षाच्या सुमारास मावळते. दोन गोलार्धांस जोडणारा तंतूंचा सेतू पक्व होऊन दुसऱ्या बाजूस आवर घालू लागतो, तेव्हा हे घडते.

आमचे जुने पंतोजी धूळपाटीवर बोटानेच अक्षर गिरवून घेत, बोरू मागाहून देत. छडीचे समर्थन मी करीत नाही, पण हा क्रम शहाणपणाचा होता. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतही लेखणीपूर्वी खरखरीत अक्षरांवर बोट फिरते. ती दृष्टी ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये गिजुभाई बधेकांसह नूतन बालशिक्षण संघातून, व 1945 पासून बोर्डीस खेड्यातील मुलांपर्यंत नेली.

आता आमच्या गावीही अंगणवाडी आहे. माझ्या त्या सोबत्याचा नातू तेथे जातो. गेल्या दिवाळीत तो ओट्यावर खडूने रेघा ओढीत होता, आणि मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहत उभा राहिलो. बोटे हलत होती.