एका ‘जी’ची बखर (थ्रेड)

डेबियन किंवा उबुंटू चालणाऱ्या जवळपास प्रत्येक संगणकावर ‘झेडलिब१जी’ नावाचे एक पॅकेज सापडते. झेडलिब ही माहिती आकसून साठवणारी लायब्ररी. ‘१’ हा तिच्या आवृत्तीचा अंक. मग शेवटचा ‘जी’ कशाचा?

एका गावाची दोन गावे झाली की बुद्रुक आणि खुर्द अशी उपपदे लागतात. वाटणीचे कारण विस्मृतीत गेले तरी ती टिकून राहतात. हा ‘जी’ त्याच जातीचा, १९९८ सालचा अवशेष आहे.

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम ‘सी लायब्ररी’ या सामायिक पायावर उभे असतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या डेबियनमध्ये आधी हा पाया ‘लिबसी५’ होता. पुढे ग्नू प्रकल्पाची ‘जीलिबसी’, म्हणजेच ‘लिबसी६’, स्वीकारण्याचे ठरले. दोन्ही पाये एकाच डिस्कवर सुखाने नांदू शकत, कारण त्यांच्या फायलींची नावे भिन्न होती.

खरा पेच मधल्या मजल्यावर होता. झेडलिबच्या फायलीचे नाव दोन्ही पायांवर एकच. प्रोग्रॅम नव्या पायावर बांधलेला आणि झेडलिब जुन्या, असे झाले की एकाच प्रोग्रॅमच्या पोटात दोन सी लायब्रऱ्या शिरत आणि तो कोसळे.

डेबियनने तोडगा काढला तो नामकरणाचा. नव्या पायावरच्या लायब्ररी-पॅकेजांना जीलिबसीचा ‘जी’ जोडला. जुन्या लायब्रऱ्यांची रवानगी वेगळ्या डिरेक्टरीत केली. प्रत्येक पॅकेजसोबत त्याला कोण हवे आणि कोणाशी त्याचे जमत नाही याची नोंद असतेच. नावे निराळी झाल्यामुळे ती नोंद अचूक करता आली.

तरीही अद्ययावतीकरण जोखमीचे होते. क्रम चुकला तर आज्ञा स्वीकारणारा बॅशच निकामी होण्याचा धोका. मग दुरुस्तीची आज्ञा द्यायची कोणाला? ‘डीपीकेजी’ हे साधन संघर्ष चोख दाखवी, पण त्यातून वाट काढून देत नसे. म्हणून जुलै १९९८ च्या डेबियन २.० साठी योग्य क्रमाने पॅकेजे बसवणारी ‘ऑटोअप’ ही स्क्रिप्ट वापरली गेली. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ‘एपीटी’ आले आणि क्रम लावण्याचे काम यंत्राकडे गेले.

हे काम किती कठीण आहे, ते नंतर सिद्ध झाले. युरोपातील ईडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी दाखवले की एखादे पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे. प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी पद्धत या वर्गासाठी कोणालाच ठाऊक नाही. २००८ च्या ओपनसुसे ११.० ने तर्कशास्त्रातील ‘सॅट सॉल्व्हर’ या कामाला जुंपला, आणि व्यवहारात तो उत्तम चालला.

२०२४ मध्ये डेबियनपुढे पुन्हा तसाच प्रसंग उभा राहिला. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. म्हणून काळाचे माप ६४ बिटांचे करायचे होते. मापाची रुंदी बदलली की जुने प्रोग्रॅम आणि नव्या लायब्रऱ्या एकमेकांचे आकडे चुकीचे वाचणार. उपाय तोच, २६ वर्षांपूर्वीचा: शेकडो लायब्ररी-पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ हे शेपूट लागले. ‘लिबएसएसएल३’चे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले.

झेडलिबला ते लागले नाही. तिच्या नावात अजून १९९८ चाच ‘जी’ आहे.